टाळूवरचा हात

टाळू भरणं आपल्याकडे बाळंतपणासोबतच येतं. कवटीची हाडं सांधलेली नसतात, त्या मऊ जागेवर कोमट तेल जिरवायचं. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. तेल घाला, नका घालू.

तिकडे अमेरिकेत विल्यम सदरलँड यांनी १९३९ मध्ये क्रेनियल ऑस्टिओपथीवर पुस्तक काढलं. मोठ्या माणसाच्याही कवटीची हाडं किंचित हलतात, त्या हालचालीला लय असते, हलक्या हाताला ती कळते, असा त्यांचा दावा. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथं अडतो. दोन जाणकारांनी एकाच डोक्यावर हात ठेवला तर लय एकच लागायला हवी ना? तपासून पाहिलं तेव्हा ती जुळली नाही. हाताने बाळ निवतं हे खरंच. आजीच्या हातानेही निवतं.

आपल्या जिल्ह्यात मात्र हा प्रश्न जिवावरचा होता. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की टाळू खोल जाते. मग ‘टाळू पडली’ म्हणून तेल थापायचं, वर कुठे कुठे पाणीही तोडायचं! रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. परक्या नर्सबाईंपेक्षा गल्लीतल्या बाईचं लोक ऐकतात. तिने मीठ-साखरेचं पाणी शिकवलं. आजचं प्रमाण असं: लिटरभर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोटाघोटाने पाजत राहायचं. पाणी अंगी लागलं की टाळू हात न लावता वर येते.