विकेंद्रित ओळख व सदस्यनाव यांची जोडणी

सदस्याने दुसरीकडे काढलेली ओळख सहलेखनाच्या संकेतस्थळाने ग्राह्य धरणे आणि ती आपल्याकडील सदस्यनावाशी बांधणे, म्हणजे ही जोडणी. तिचा पहिला मोठा प्रयोग ओपनआयडी. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी तो २००५ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेसाठी रचला. त्यात माणसाची ओळख म्हणजे एक वेबपत्ता. पासवर्ड ओळख देणाऱ्याकडेच राहतो. संकेतस्थळाला ‘हा पत्ता याच माणसाचा’ एवढी ग्वाही मिळते.

विकीवर मात्र नुसत्या पत्त्याने भागत नाही. लेखाच्या इतिहासात आणि चर्चापानावर माणसे सदस्यनावाने ओळखली जातात. लेखनाचे श्रेयही त्याच नावावर जमा होते. म्हणून विकी चालवणाऱ्या मीडियाविकी या प्रणालीच्या ओपनआयडी विस्तारात एक छोटा तक्ता असे : एका रकान्यात बाहेरचा पत्ता, दुसऱ्यात सदस्याचा क्रमांक. एका सदस्याला अनेक पत्ते जोडता येत. एक पत्ता मात्र एकाच सदस्याचा. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे जोडणी तुटत नाही.

खरी जोखीम जुन्या सदस्याला जोडताना असते. त्याने आधी जुन्या पासवर्डने प्रवेश करावा आणि मगच बाहेरची ओळख जोडावी, हाच सुरक्षित क्रम. दोन्हीकडे ईमेल सारखा दिसला म्हणून खाती आपोआप एकत्र करणे घातक आहे. ओळख देणाऱ्याने ईमेल पडताळलेला नसेल, तर दुसऱ्याचा ईमेल टाकून कोणीही त्याच्या नावाने लिहू लागेल. ओळख म्हणून वापरलेल्या डोमेनचे नूतनीकरण राहिले आणि ते दुसऱ्याने घेतले, तरी हाच धोका.

विकिपीडियाने बाहेरच्या ओळखी स्वीकारल्या नाहीत. सर्व भाषांसाठी आपलेच एक खाते उभे केले. २००८ मध्ये सुरू झालेले हे काम एप्रिल २०१५ मध्ये पुरे झाले. तेच नाव दुसऱ्या विकीवर दुसऱ्याचे असेल आणि ते त्याच्याकडेच राहिले, तर मराठी विकीवरील सदस्याच्या नावापुढे ‘~mrwiki’ असे शेपूट लागले; त्याची आधीची संपादने मात्र त्याच्याच खात्यावर राहिली. ओपनआयडीची जुनी पद्धत याच सुमारास मागे पडली : ओपनआयडी कनेक्ट हे नवे मानक फेब्रुवारी २०१४ मध्ये आले आणि गूगलने २०१५ मध्ये जुनी पद्धत बंद केली.

बंगळुरूत या विषयावर भरीव काम झाले आहे. हॅसगीक या तंत्रज्ञ-समुदायासाठी काम करणाऱ्या संस्थेने लास्टयुजर ही मुक्तस्रोत प्रवेशप्रणाली लिहिली. तिथल्याच आयआयआयटीमध्ये २०१८ पासून मोसिप हा सरकारी ओळखव्यवस्थांसाठीचा प्रकल्प आकाराला आला. त्याची ई-सिग्नेट ही प्रवेशसेवा ओपनआयडी कनेक्टवर चालते. त्यात माणूस एकच असला तरी निरनिराळ्या सेवांकडे निरनिराळे सांकेतिक क्रमांक जातात, त्यामुळे दोन ठिकाणच्या नोंदी ताडून माणूस शोधणे अवघड होते. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना जागा देणाऱ्या विकीसाठी हीच दिशा योग्य आहे. सरकारी ओळख थेट सदस्यनावाला चिकटवणे तिथे अन्यायाचे ठरेल.

कंपनीच्या ईमेलने प्रवेश करणाऱ्यांचा प्रश्न बंगळुरूसारख्या शहरात रोजचा आहे : नोकरी सुटली की ईमेल जातो, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांच्या संपादनांचे खातेही हाताबाहेर जाते. अशा सदस्यांनी राजीनामा देण्यापूर्वीच दुसरी, स्वतःच्या ताब्यातली ओळख खात्याला जोडून ठेवावी.