गाडी ताब्यात आली, पण नावावर आली का? जुनी मोटारसायकल घेताना तपासायचे कागद

घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम मिळाले, त्यासाठी गाडी हवी, म्हणून आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने ३५ हजारांत जुनी मोटारसायकल घेतली. विकणाऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, नोटरी करून दिली, सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म आणि आरसी बुक हातात ठेवले. आरसीवर नाव मात्र तिसऱ्याच माणसाचे होते. "काही होत नाही, सगळे असेच चालवतात," हे त्याला पटले. दीड वर्षाने त्या गाडीची धडक एका पादचाऱ्याला बसली. विमा संपलेला होता. भरपाईच्या दाव्याची नोटीस आरसीवरच्या माणसाच्या घरी गेली. तो शेजारच्या वस्तीतला निवृत्त सफाई कामगार निघाला. त्याने ती गाडी चार वर्षांपूर्वीच विकली होती.

जखमी माणूस, गाडी चालवणारा आणि जुना मालक, तिघेही हातावर पोट असलेले. एक अर्ज वेळेत गेला असता तर त्यातल्या निदान एका घरावरचे संकट टळले असते. आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक तरुणांची पहिली गाडी जुनीच असते. म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत.

मालक कोण? दोन वेगळे प्रश्न

विकणारा आणि घेणारा यांच्यापुरते पाहिले तर पैसे दिले आणि गाडी ताब्यात घेतली की व्यवहार पुरा होतो. पण अपघातातला जखमी, पोलीस आणि आरटीओ यांच्यासाठी मालक म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे तो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्याच तशी आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एका हातातून दुसऱ्या हातात विकली गेली होती, आरसीवर मात्र पहिल्याचेच नाव राहिले होते. भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकाचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला.

याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याचा नमुना २९, घेणाऱ्याचा नमुना ३०. बाजारात ज्याला टीटी फॉर्म म्हणतात ते हेच. ते भरून आरटीओत जायला हवेत, डिकीत ठेवून उपयोग नाही. नोटरीचा कागद व्यवहाराचा पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण त्याने आरसीवरचे नाव बदलत नाही.

पैसे देण्याआधी काय पाहावे

गाडीचा क्रमांक परिवहन विभागाच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर टाकावा. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसते, तरी अक्षरे विकणाऱ्याच्या आधार कार्डाशी ताडून पाहता येतात. नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद तिथेच दिसते. थकलेल्या दंडासाठी ई-चलन तपासावे.

मग आरसी हातात घेऊन गाडीजवळ बसावे. चासी नंबर आणि इंजिन नंबर एकेक अंक वाचून जुळवावा. जागा घासलेली, पुन्हा ठोकलेली किंवा नव्याने रंगवलेली दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

नेहमी आढळणाऱ्या अडचणी

*आरसीवर तिसऱ्याचेच नाव.* मधल्या माणसाने गाडी नावावर न करता पुढे विकलेली असते. कोऱ्या फॉर्मवरची सही खरी आहे की नाही, ते आपल्याला कळत नाही. मूळ मालक समोर यावा, त्याचे ओळखपत्र पाहावे, सही आपल्यासमोर व्हावी. ऑनलाइन अर्जात ओटीपी लागतो, म्हणून 'वाहन'च्या नोंदीतला मोबाइल क्रमांक चालू आणि त्याचाच आहे हेही पाहावे. मूळ मालक सापडत नसेल तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी घेऊ नये.

*कर्जाचा बोजा.* आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर त्याला एचपी म्हणतात. "हप्ते संपलेत" या शब्दावर विसंबू नये. कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि त्याच्या सहीशिक्क्याचा नमुना ३५ मिळाला की आरटीओत एचपी रद्द होते. हप्ते बाकी असतील तर आपण दिलेली रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्ज खात्यात भरावी आणि पावती घ्यावी. हप्ते थकल्याने कंपनीने ओढून नेलेली गाडी विकायला आली असेल तर कंपनीने नमुना ३६ वर अर्ज करून आरसी स्वतःच्या नावे करून घेतली आहे का, हे विचारावे.

*मालकाचे निधन.* वडील गेले, मुलगा गाडी विकतो आणि फॉर्मवर वडिलांची सही स्वतःच करतो. ही खोटी सही आहे आणि घेणाराही त्यात अडकतो. आधी गाडी नमुना ३१ वर वारसाच्या नावे व्हावी, मग विक्री. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात. भावंडे किंवा आई हयात असेल तर त्यांची लेखी संमती घ्यावी. २०२१ पासून आरसीमध्ये वारस नेमून ठेवण्याची सोय आहे. घरातल्या गाड्यांसाठी ती आजच करून घ्यावी.

*परराज्यातली गाडी.* नागपूर-गोंदिया पट्ट्यात मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, लागते. गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्त वाटलेली गाडी अनेकदा महाग पडते. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्याची गाडी असेल तर क्रमांक तोच राहतो.

*मुदत संपलेली गाडी.* मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी दाखवून नमुना २५ वर नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही एचएसआरपी नंबरप्लेट सक्तीची केली आहे. ती नसेल तर आरटीओतली इतर कामेही अडतात. हा सगळा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

*चोरीची गाडी.* मालविक्री कायदा, १९३० चे साधे तत्त्व आहे: विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे मालकी नसते, म्हणून पूर्ण पैसे देऊनही ती आपल्याला मिळत नाही. गाडी मूळ मालकाकडे जाते. शिवाय चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. न दिलेली वस्तू घेऊ नये, हे शील आपण दर रविवारी म्हणतो. निम्म्या किमतीत, कागदाशिवाय मिळणारी गाडी घेताना ते आठवावे.

व्यवहाराचा क्रम

पूर्ण पैसे एकदम देऊ नयेत. थोडी रक्कम विसार म्हणून द्यावी. ती आणि बाकीची रक्कमही बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी, म्हणजे पुरावा राहतो. नमुना २९ आणि ३० आपल्यासमोर पूर्ण भरून सह्या घ्याव्यात, एकही रकाना कोरा ठेवू नये. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करावी. त्या वेळेआधीचे चलन त्याचे, नंतरचे आपले. अर्ज दाखल झाल्याची पावती मिळाल्यावर मोठी रक्कम द्यावी आणि शेवटचा हिस्सा आरसी नावावर झाल्यावर.

विमाही नावावर करून घ्यावा. गाडी विकली की तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, पण नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही.

डीलरकडून घेत असाल तर त्याला आरटीओचे नमुना २९-बी मधील अधिकारपत्र दाखवायला सांगावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी ही व्यवस्था आहे.

आणि आपण गाडी विकत असू तर? नमुना २९ आपणच दाखल करावा, पावती जपून ठेवावी. "घेणारा करेल" म्हणून सोडून देऊ नये. सुरुवातीला सांगितलेल्या सफाई कामगाराची चूक एवढीच होती.

आधीच अडकला असाल तर

विकणाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवावे, प्रत ठेवावी. आरटीओत सर्व पुराव्यांसह लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून नमुना २६ वर दुय्यम प्रत मिळते, पण तो अर्ज नोंदणीकृत मालकाचा असतो. डीलरने फसवले असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते. जातीचा दाखला घेऊन जावे.

विहारातला अर्धा तास

नाकाबंदीत गाडी अडवली जाते तेव्हा आपल्या वस्तीचे नाव ऐकून प्रश्न वाढतात, हा अनुभव अनेकांचा आहे. तो अन्याय आहेच आणि त्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे. पण त्या क्षणी खिशातल्या आरसीवर आपले नाव असेल तर बोलणे लवकर संपते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे किंवा १ जानेवारीला भीमा कोरेगावकडे गाड्या निघतात. त्याआधीच्या एखाद्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा. प्रत्येकाने आरसी घेऊन यावे, दोघा-तिघांनी मोबाइलवर तपासून द्यावे. कोणाची गाडी अजून दुसऱ्याच्या नावावर आहे, कोणी विकलेली गाडी अजून स्वतःच्या नावावर आहे, याची वहीत यादी करावी आणि त्यांना घेऊन आरटीओत जावे. आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारापासून सुरुवात करत आहोत.