परसातील वेखंड

पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत वेखंडाचा वास नाही असे घर विरळाच असे. हे झाड आपल्याकडचेच, पाणथळीत वाढणारे व वर्षानुवर्षे टिकणारे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ साली तेथेच छापलेल्या ग्रंथात वेखंडावर स्वतंत्र संवाद लिहून त्याचे कोकणातील नावही नोंदविले. त्याच शतकात क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते व्हिएन्नात लावले. युरोपातील वेखंडाला बी धरत नाही. तेथे ते मुळाच्या तुकड्यांनीच पसरले. आपल्या बायकांची रीतही तीच. शेजारणीकडून कोंब असलेला तुकडा आणावा व परसातील ओलीत पुरावा.

आमच्या पडघ्यास पावसाळ्यात पाण्याची वाण नाही; दिवाळीनंतर मात्र ओल टिकत नाही. म्हणून मी ते जुन्या घमेल्यात चिखल भरून लावते व रोज पाणी घालते. वर्षभराने पाने पिवळी पडली की मूळ काढावे.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. बाळगुटीत वेखंड उगाळण्याची चाल जुनी असली, तरी आपल्याकडील वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य पुष्कळ असते. त्याने उंदरांना गाठी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. तेव्हा ते तान्ह्या बाळाच्या तोंडी घालू नये. कपड्यांच्या ट्रंकेत कसर लागू नये म्हणून खुशाल ठेवावे.

ज्या भगिनींना लावावयाचे असेल त्यांनी मृग लागताच मजकडून तुकडा न्यावा.