जेऊरचं ग्रहण

आमच्या बेलापूरचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात. तिथून दौंडला जायचं, पुढे सोलापूरकडची गाडी धरली की करमाळा तालुक्यातलं जेऊर लागतं. शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा आइन्स्टाइनकडे मी मुलांना याच वाटेनं न्यायचो. एडिंग्टन आणि १९१९ हे त्यांना पाठ असायचं, जेऊर मात्र कुणाच्या गावीही नसायचं.

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी जेऊरला खग्रास सूर्यग्रहण दिसलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथसह इथे तळ ठोकून होते. त्यांचा कॅमेरा चाळीस फुटी! भिंग वर मनोऱ्यावर, तिथून उतरत आलेली कापडी नळी आणि तळाशी सूर्याच्या चालीनं सरकणारी काचेची प्लेट. सूर्यबिंब उमटायचं सुमारे ११ सेंटीमीटरचं. काळोख जेमतेम दोन मिनिटांचा. तेवढ्यात प्लेटा बदलायच्या, आणि हात थरथरता कामा नये. त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही वेध घेत होते.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष सूर्याच्या प्रभामंडळावर होतं. गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न नंतर आला. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकेल, असं आइन्स्टाइन आधीपासून म्हणत होते; १.७५ विकला हा आकडा त्यांनी १९१५ साली मांडला. हे तपासायचं तर ग्रहणात सूर्याजवळचे तारे टिपायचे, तेच तारे रात्री टिपायचे आणि जागा ताडून पाहायच्या. कॅम्पबेल १९१४ ला कीव्हजवळ गेले तर ढग आले, शिवाय महायुद्धामुळे उपकरणं तिथेच अडकली. १९१८ ला मायदेशी उसन्या भिंगांवर भागवलं, पण निकाल ठाम लागेना. १९१९ च्या ग्रहणावरून प्रकाश तसा वाकतो असा निष्कर्ष एडिंग्टननी काढला, पण त्यावरही शंका घेणारे होतेच. अखेर २१ सप्टेंबर १९२२ ला ऑस्ट्रेलियातल्या वलाल इथे आकाश निरभ्र मिळालं, आणि पुढच्या वर्षी कॅम्पबेल व त्यांचे सहकारी ट्रम्प्लर यांनी आकडा जाहीर केला: १.७२. मला एडिंग्टनपेक्षा कॅम्पबेल हा माणूस मोठा वाटतो, कारण पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत तो थांबला. ग्रहणमोहिमेचं नेतृत्व त्यानं पहिल्यांदा केलं ते आपल्या जेऊरला.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद पडली. तिची २० इंची दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. ग्रहणात तारे मोजण्याची जगाला खरी निकड लागली, तेव्हा पुण्यात ते करणारं कुणी उरलं नव्हतं, याची हळहळ मला आजही वाटते.