मागचा शॉकअप खडखडतोय? नवा घेण्याआधी माउंटिंग बघा

दहिवडी : मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे माणच्या रस्त्यांवर धावणारी शेवटची ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढचीच. अशी जुनी गाडी खड्ड्यात मागून खडखडू लागली की बरेच जण थेट नवा शॉकअप टाकतात. आवाज मात्र तसाच राहतो, कारण बिघाड अनेकदा माउंटिंगमध्ये असतो.

माउंटिंग म्हणजे काय?
शॉकअपचं वरचं टोक बॉडीला किंवा चेसिसला आणि खालचं एक्सलला जोडलेलं असतं. मध्ये रबरी बुश असतात. रबर झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं. मग पत्र्याचं भोक मोठं होतं, पत्रा तडकतो. शॉकअप सुटला तर वळणावर गाडी ताब्यात राहत नाही.

ओळखायचं कसं?
सपाट जागी हँडब्रेक लावून गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडा. गाडी झुलत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर शॉकअप गेला. नुसती ठकठक आली तर बुशचा संशय घ्या. माती खरवडून टॉर्चनं पत्रा बघा. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आत शिरला, तर पत्रा गंजलाय.

दुरुस्ती
बुश दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. शॉकअप सोडण्याआधी एक्सलखाली स्टँड द्या. नाहीतर एक्सल लोंबून ब्रेकचा पाईप ताणतो, कॉइल स्प्रिंग असेल तर तीही निसटू शकते. नुसत्या जॅकवर किंवा दगडांवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. आडवा बोल्ट असेल तर तो गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. लोंबत्या एक्सलवर आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पत्रा गंजला असेल तर वरून पट्टी मारून भागत नाही. गंजका भाग कापून, चांगल्या पत्र्याला जाड पत्रा वेल्ड करून घ्यावा, वर रेड ऑक्साइड आणि रंग द्यावा. बहुतेक गाड्यांत इंधनाची टाकी मागंच असते. त्यामुळे टाकी उतरवल्याशिवाय आणि बॅटरी सोडल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका. गॅसकिट असेल तर सिलिंडरही आधी उतरवा.

चैत्रात भरल्या गाडीनं शिखर शिंगणापूरचा घाट चढण्याआधी एकदा माउंटिंग तपासून घ्या.