ईस्ट रिव्हरवरील ‘तात्पुरता’ रज्जुमार्ग

रज्जुमार्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रायगड येतो. शहरातील नित्याच्या प्रवासाचे साधन म्हणून आपण त्याचा विचार क्वचितच करतो. म्हणूनच न्यूयॉर्कमधील रूझवेल्ट बेटाचा इतिहास आम्हांला मननीय वाटतो.

मॅनहॅटन आणि क्वीन्स यांच्यामध्ये, ईस्ट रिव्हरच्या पात्रात हे चिंचोळे बेट आहे. १८२८ साली शहराने ते विकत घेतले आणि जे जे दृष्टीआड असावे असे वाटले ते तेथे नेऊन ठेवले: तुरुंग, वेड्यांचे इस्पितळ, देवीच्या रोग्यांचे रुग्णालय. १८८७ मध्ये नेली ब्लाय या पत्रकर्तीने वेडाचे सोंग घेऊन त्या इस्पितळात दहा दिवस काढले आणि तेथील हाल जगापुढे मांडले. नदीचे पाणी हेच या बेटाचे कुंपण होते. १९०९ चा क्वीन्सबरो पूलही बेटाच्या डोक्यावरून गेला. पुलावरील ट्रॅममधून मध्येच उतरून लिफ्टने खाली जावे लागे. ती ट्रॅमही १९५७ मध्ये बंद पडली.

१९७० च्या दशकात याच बेटावर नवी वसाहत उभी राहिली. भुयारी रेल्वे येणार होती, पण तिचे काम रखडले. तोवरची सोय म्हणून १७ मे १९७६ रोजी रज्जुमार्ग सुरू झाला. सुमारे ९६० मीटरचे अंतर, चारेक मिनिटांचा प्रवास. रेल्वे अखेर १९८९ मध्ये आली. पण रज्जुमार्ग गेला नाही. २००४ पासून शहराच्या मेट्रो-बसचे कार्डही त्यावर चालू लागले. एप्रिल २००६ मध्ये डबे नदीवर कित्येक तास अडकून पडले, तरी तो मोडीत न काढता २०१० मध्ये नव्याने बांधण्यात आला. आता दोन्ही डबे स्वतंत्रपणे धावतात. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

लंडनमध्ये थेम्सवर २०१२ साली असाच मार्ग झाला. त्याचे भाडे मात्र शहराच्या प्रवासपासाबाहेर राहिले. पर्यटक आले, नोकरदार फारसे फिरकले नाहीत.

दोन्हीकडे तंत्र जवळपास तेच. आमच्या मते, फरक गरजेचा आणि तिकिटाचा आहे. ज्या बेटावर शहराने नकोशी माणसे लोटली, तेथील रहिवाशाला आज इतरांइतक्याच भाड्यात पलीकडे जाता येते. सार्वजनिक वाहतुकीकडून याहून मोठी अपेक्षा ती कोणती करावी?