संहितेचे मौन आणि ध्वनिमुद्रिकेची साक्ष

सिंफनीचा अभ्यासक प्रथम मुद्रित स्वरलिपीकडे वळतो, कारण तीच त्याची संहिता असते. परंतु डॅनिश संगीतरचनाकार कार्ल निल्सन (१८६५–१९३१) यांच्या पाचव्या सिंफनीत ही संहिता एका निर्णायक जागी मौन पत्करते. पहिल्या भागाच्या कळसाशी साइड ड्रम वाजविणाऱ्याने स्वतःच्या लयीत, उत्स्फूर्तपणे, जणू संगीताची वाटचालच रोखायची आहे अशा आवेशाने वाजवावे, अशी सूचना आहे. काय वाजवावे, हे लिहिलेले नाही.

२४ जानेवारी १९२२ रोजी कोपनहेगन येथे या कृतीचे पहिले वादन निल्सन यांनीच संचालित केले. तो नाद विरून गेला. त्यांच्या संचालनाखाली मुद्रित झालेली एकही सिंफनी आपल्यापाशी नाही. म्हणूनच त्यांच्यानंतरच्या डॅनिश संचालकांच्या ध्वनिमुद्रिकांना ऐतिहासिक साधनाचे मोल येते. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश नभोवाणीच्या वाद्यवृंदासह एरिक टुक्सेन यांनी १९५० मध्ये पाचवी सिंफनी मुद्रित केली. त्याच वर्षी एडिंबरो महोत्सवातील तिच्या वादनाने ब्रिटिश श्रोत्यांचे लक्ष निल्सनकडे वेधले. लाउनी ग्रोन्दाल यांनी १९५१ मध्ये चौथी मुद्रित केली. निल्सन यांच्या संचालनाखाली स्वतः चेलो वाजविलेल्या थॉमस येन्सेन यांनी १९५४ मध्ये पुन्हा पाचवी मुद्रित केली. येन्सेन यांच्या वादनात गती आहे, स्पष्टता आहे. भावविवशतेला मात्र थारा नाही.

तथापि, जवळचा साक्षीदारही उलटतपासणीतून सुटत नाही. चौथ्या सिंफनीत रंगमंचाच्या दोन बाजूंना बसविलेल्या टिंपनीच्या दोन जोड्यांचा सामना आहे. त्या काळच्या एकमार्गी ध्वनिमुद्रणात ते अंतरच पुसले जाते. शिवाय १९५० च्या मुद्रित आवृत्तीत पाचव्या सिंफनीच्या स्वरलिपीवर टुक्सेन यांनी स्वतःचा हात फिरविला होता. म्हणजे परंपरेचा रक्षक तिचा संपादकही होता. १९९४ ते २००९ या काळात प्रसिद्ध झालेल्या निल्सन यांच्या समग्र चिकित्सक आवृत्तीने असे हस्तक्षेप मूळ पाठापासून वेगळे काढले.

मग या जुन्या ध्वनिमुद्रिका निरुपयोगी ठरल्या काय? मुळीच नाही. चिकित्सक आवृत्ती लिहिलेले शुद्ध करू शकते. न लिहिलेले ती ऐकवू शकत नाही. साइड ड्रमच्या त्या बंडखोर आघातांना निल्सन यांच्या देशबांधवांनी, त्यांच्या मृत्यूनंतर दोन-अडीच दशकांतच, कोणता अर्थ दिला, हे सुईच्या खरखरीमागून आजही ऐकू येते. अभ्यासकाने ही साक्ष अंतिम निर्णय म्हणून नव्हे, तर पहिले भाष्य म्हणून ऐकावी.